नाव कुणाचं गेलं? ऑथेल्लोचे चार प्रवेश मराठीत आणताना

‘प्रतिष्ठा, प्रतिष्ठा, प्रतिष्ठा!’ असं मी पहिल्या कागदावर लिहिलं होतं. शनिवारी ते वाचताना कॅसिओ करणाऱ्या आमच्या भाऊंना हसू आवरेना. म्हणाले, ‘‘दारू उतरलेला माणूस असं बोलतो व्हय? हे गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेवरचं वाटतंय.’’ सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत राग गेला नव्हता. त्या एका शब्दावर मी दोन रात्री घातल्या होत्या.

आम्ही सातआठ जण नानांच्या माडीवर दर शनिवारी जमतो. नाना निवृत्त इंग्रजीचे प्राध्यापक, बाकीचे आम्ही कुणी बँकेतले, कुणी एसटीतले. मी पतसंस्थेत कर्ज विभागाला असते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं दीड तासाचं अभिवाचन करायचं ठरलं तेव्हा मी सहज म्हटलं, ‘‘देवलांचं ‘झुंझारराव’ घेऊ की.’’ सांगलीत राहून असं म्हणणं साहजिकच होतं. गोविंद बल्लाळ देवल इथल्या हरिपूरचे, आणि त्यांचं हे रूपांतर 1890 सालचं. त्याच्याही आधी, 1867 मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं होतं. नानांनी मान हलवली. ‘‘देवलांनी झुंझारराव, कमळजा, जाधवराव अशी आपल्याकडची माणसं उभी केली, फार सुंदर केली. पण अगं, मला तो व्हेनिसमधला परका माणूस हवाय. ज्याला लढाईत बोलावतात, जेवायला बोलावतात, पण जावई म्हणून नको असतो, तो. तूच कर. चार प्रवेश तर आहेत.’’ बाकी कुणी हात वर केला नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं.

जूनमध्ये सुरुवात केली, दिवाळीनंतर संपलं. वाक्यं तशी भराभर झाली. अडले ते दोन-तीन शब्दांवर. आता मागे वळून बघताना वाटतं, नाटक त्या दोन-तीन शब्दांतच होतं.

ऑथेल्लो हा व्हेनिसचा काळा सेनापती, डेस्डिमोना त्याची गोरी बायको, कॅसिओ त्याचा लेफ्टनंट, आणि इयागो त्याच्या हाताखालचा, कॅसिओच्या जागेवर डोळा ठेवून असलेला. दुसऱ्या अंकातला तो प्रवेश सायप्रसच्या किल्ल्यात घडतो. तुर्कांचं आरमार वादळात फुटलंय, जल्लोष चाललाय. इयागो कॅसिओला आग्रह करकरून पाजतो, भांडण लावून देतो. कॅसिओ माँटानोला जखमी करतो, ऑथेल्लो झोपेतून उठून येतो आणि उभ्या उभ्या त्याची नोकरी काढून घेतो. मग कॅसिओचा तो आक्रोश: रेप्युटेशन, रेप्युटेशन, रेप्युटेशन! माझ्यातलं अमर होतं ते गेलं, उरलं ते जनावर.

‘प्रतिष्ठा’ बाद झाल्यावर मी ‘अब्रू’ घातलं. ‘अब्रू गेली! माझी अब्रू गेली!’ या वेळी हसले नाहीत, पण डेस्डिमोना वाचणारी आमची धाकटी पोर हळूच म्हणाली, ‘‘मावशी, कॅसिओवर कुणी हात टाकला का?’’ खरं होतं तिचं. मूळ फारसीत ‘आब-रू’ म्हणजे चेहऱ्याचं पाणी, तेज. ते बाईचंही असतं, बाप्याचंही. आपल्याकडे येऊन मात्र हा शब्द बाईच्या अंगाला चिकटला. पुरुषाची अब्रू चव्हाट्यावर येते, वकिलाच्या नोटिशीत ‘अब्रुनुकसानी’ होते, पण नुसतं ‘अब्रू गेली’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाईच येते. ‘इभ्रत’ ऐतिहासिक कादंबरीतली वाटली. ‘लौकिक’ मला आवडला होता, कारण त्यात ‘लोक’ आहेत, नाव लोकांच्या हातात असतं हे तो शब्दच सांगतो. पण ‘लौकिक, लौकिक, लौकिक’ ओरडून बघा. ओरडता येत नाही.

शेवटी ‘नाव’. ‘‘नाव गेलं, इयागो! नाव गेलं माझं!’’ भाऊंनी हे वाचलं आणि एकदम माडी गप्प झाली.

मला ते आधीच सुचायला हवं होतं. बारा वर्षांपूर्वी, आधीच्या नोकरीत, मी कॅश काउंटरला असताना एका संध्याकाळी पाच हजार कमी भरले. तीन दिवस शोधाशोध. चौथ्या दिवशी एक व्हाउचर दुसऱ्या तारखेच्या गठ्ठ्यात सापडलं, हिशेब जुळला, साहेबांनी सगळ्यांसमोर ‘झालं, मिटलं’ म्हटलं. पण पुढे कितीतरी महिने माझ्या हातून घेतलेल्या नोटा शेजारची बाई पुन्हा मोजायची. आधी मोजत नव्हती. बूँद से गयी सो हौद से नहीं आती म्हणतात, ते तिच्या अंगठ्याच्या थुंकीत मी रोज बघत होते.

म्हणून इयागोचं उत्तर भाषांतर करताना माझी तळपायाची आग मस्तकात जात होती. तो कॅसिओला म्हणतो, नाव म्हणजे निव्वळ पोकळ लादलेली गोष्ट. लायकी नसताना मिळते, दोष नसताना जाते. आपलं नाव गेलं असं तूच मानलंस तर गेलं, नाहीतर काही गेलेलं नाही. ऐकायला किती समजूतदार! आणि पुढच्याच अंकात हाच माणूस ऑथेल्लोपुढे नेमकं उलटं बोलतो. पुरुष असो की स्त्री, चांगलं नाव हे जिवाचं रत्न आहे. माझी थैली चोरली त्यानं कचरा चोरला, आज माझी, उद्या त्याची, हजारोंची चाकरी केलेली. पण माझं नाव चोरणारा स्वतः श्रीमंत होत नाही आणि मला मात्र भिकेला लावतो.

हे दुसरं वाक्य लोक सुभाषितासारखं वापरतात. इयागोनं कशासाठी म्हटलंय ते बहुतेकांच्या ध्यानात नसतं. मी आठवडाभर ‘थैली’ की ‘बटवा’ या घोळात होते. ‘थैली’ कायम केली ती रॉडरिगोमुळे. तो डेस्डिमोनाच्या मागे लागलेला श्रीमंत खुळा. पहिल्या अंकात इयागो त्याला पुन्हा पुन्हा सांगतो, थैलीत पैसे घाल, थैलीत पैसे घाल. तो वळताच आपल्याला सांगतो, मी माझ्या मूर्खाचीच थैली करतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी रॉडरिगो रडत येतो, पैसे संपत आले म्हणून. म्हणजे थैली हा कचरा आहे असं सांगणारा माणूस नाटकभर एकाच्या थैलीवर जगतोय. सगळीकडे एकच शब्द ठेवला तरच हे ऐकणाऱ्याला पकडता येईल. आणि ‘चोरणारा श्रीमंत होत नाही’ हेही खोटंच. त्याच प्रवेशाच्या शेवटी ऑथेल्लो त्याला म्हणतो, आता तू माझा लेफ्टनंट. कॅसिओचं नाव चोरून त्यानं कॅसिओची जागा मिळवलेली असते, अगदी पगारासकट.

कर्ज विभागात बसून मला एक सवय लागलीय. समोरचा कितीही गोड बोलला तरी जामीनदार कोण, हे विचारायचं. ‘ऑथेल्लो’त हा प्रश्न इयागोच्या बाबतीत कुणीच विचारत नाही. नाटकातलं सगळ्यात चांगलं नाव त्याचंच आहे. जो तो त्याला ‘ऑनेस्ट’ म्हणतो. हा शब्द नाटकात पन्नासदा तरी येतो. ऑथेल्लोनं राज्याची सेवा केलीय, त्याची पत कमावलेली आहे. इयागोची पत नुसत्या ऐकिवावर. आणि एवढा मोठा सेनापती कॅसिओच्या हाती दिसलेल्या बायकोच्या एका रुमालावर, एका ऐकिवावर तिला बदफैली ठरवून निकाल लावतो.

हा ‘ऑनेस्ट’ माझा दुसरा काळ ठरला. इयागोला लावला की त्याचा अर्थ प्रामाणिक, शिवाय ‘आपला भला माणूस’ अशी वरच्याची थोडी मेहेरबानी. डेस्डिमोनाला लावला की चारित्र्य. ऑथेल्लो एका दमात म्हणतो, बायको ऑनेस्ट आहे असं वाटतं आणि नाही असंही वाटतं. मी आधी त्याला ‘इमानी’ आणि तिला ‘शीलवान’ असं वाटून दिलं. वाचल्यावर कळलं, नाटकाचा कणाच मोडला. एकाच मापाचं वजन दोघांना लावलं जातंय, त्याचं तपासायचं नाही आणि तिचं तपासून तपासून मारायचं, हे दिसायला शब्द एकच हवा. ‘नेक’ चालला असता, पण नाना म्हणाले, हिंदी सिनेमातला मौलवी आठवतो. मग ‘सरळ’ सापडला, माझ्या सासूबाईंच्या बोलण्यात. शेजारच्या कुणाबद्दल तरी म्हणत होत्या, ‘‘बाई सरळ आहे हो.’’ सरळ माणूस, सरळ बाई. दोन्हीकडे बसला, आणि बाईला लावताना त्याचा अर्थ कसा आपोआप बदलतो तेही ऐकू आलं.

आता सगळ्यात मोठी अडचण. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो म्हणतो, चंद्रदेवतेच्या, डायनाच्या मुखासारखं ताजं असलेलं नाव आता माझ्याच चेहऱ्यासारखं काळं पडलंय. ‘तोंडाला काळं फासणं’ आपल्याकडे तयार बसलेलंच आहे, मी ते लगेच टाकलं. नानांनी खोडलं. ‘‘फासलं म्हटलंस की दुसऱ्यानं फासलं. इथं तो स्वतःच्या रंगाकडे पहिल्यांदा व्हेनिसवाल्यांच्या डोळ्यांनी बघतोय. ते फासलेलं नाही, त्याला आत मुरलंय.’’ म्हणून ‘काळवंडलं, या माझ्या तोंडासारखं’ असं केलं.

पण कुणाचं नाव? माझ्या प्रतीत होतं ‘माझं नाव’. नानांच्या जुन्या प्रतीत ‘तिचं नाव’. मला वाटलं छपाईची चूक. नानांनी चष्मा पुसत सांगितलं ते असं. नाटक पहिल्यांदा स्वतंत्र छापलं गेलं 1622 साली, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. त्यात या ओळीच नाहीत. 1623 च्या मोठ्या संग्रहात ‘माझं’ आहे. 1630 च्या पुढच्या छापील प्रतीत ‘तिचं’. तेव्हापासून संपादकांची दोन टोकं. ‘तिचं’ म्हणणारे सांगतात, डायना ही कौमार्याची देवता, तेव्हा तुलना बायकोशीच. ‘माझं’ म्हणणारे सांगतात, याला तिचं काय होतंय याची फिकीर कुठाय, आपलं नाव गेलं याचंच दुःख आहे.

मी ‘माझं’च्या बाजूची आहे. पाचव्या अंकात खून केल्यावर तो स्वतःला काय म्हणवून घेतो? अब्रूदार खुनी म्हणा हवं तर, द्वेषानं काहीच केलं नाही, सगळं इभ्रतीसाठी. आणि मरताना सगळ्यांना थांबवून सांगतो, मी राज्याची सेवा केलीय, पत्रात माझ्याबद्दल लिहाल तेव्हा जसा आहे तसा लिहा. पलंगावर बायको मरून पडलीय आणि हा मजकूर सांगतोय! नाना म्हणतात मी फार कठोर आहे. असेन.

पण ‘माझं नाव’ लिहून बघितलं तर मराठीत ते अर्धंच वाटलं. आमच्या कर्जाच्या अर्जात बायकांचं नाव कसं असतं, मधे नवऱ्याचं, शेवटी नवऱ्याचं. माझ्या स्वतःच्या नावात तीनातले दोन शब्द त्यांच्याकडचे आहेत. तिचं नाव गेलं की त्याचं जातंच, आणि म्हणूनच तो तिचं स्वतःचं म्हणून काही मानत नाही. एका रात्री लाईट गेली होती, मेणबत्तीत बसून मी सर्वनामच काढून टाकलं. ‘‘चांदण्यासारखं नितळ होतं हे नाव, काळवंडलं आता, या माझ्या तोंडासारखं.’’ ‘हे नाव.’ इंग्रजीत हा खेळ जमला नसता. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘राहू दे.’’ त्यांच्याकडून एवढं पुष्कळ.

अभिवाचनाला साठेक माणसं आली. माइक दोनदा कुंई करून बंद पडला, भाऊंनी तो बाजूला ठेवून खणखणीत वाचलं. शेवटच्या प्रवेशात इयागोची बायको एमिलिया विचारते, हे कुणी केलं? आणि डेस्डिमोना म्हणते, ‘‘कुणी नाही. मीच.’’ आमच्या पोरीनं ते इतकं सपाट वाचलं की पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर तोंडाला लावला. शेवटच्या श्वासातही ती स्वतःच्या नावावर खोटेपणा घेते आणि नवऱ्याचं नाव वाचवू बघते. एमिलिया ते एक क्षणही टिकू देत नाही हे बरं.

चहा चालला होता तेव्हा त्या आजी माझ्याकडे आल्या. कौतुक वगैरे काही केलं नाही. ‘‘ती मधेच एकदा जिचं नाव आलं, कॅसिओची बाई, बियांका. तिचं पुढं काय झालं हो?’’

मी तिला गाळलं होतं. दीड तासात बसत नव्हती. पाचव्या अंकात रस्त्यावर कॅसिओ जखमी पडतो तेव्हा इयागो तिच्यावरच आळ घेतो, आणि एमिलिया, हीच शूर एमिलिया, तिला वेश्या म्हणून झिडकारते. नाटक नंतर तिची चौकशी करत नाही. आजींना मी एवढंच सांगितलं की नाटकात ते सांगितलेलं नाही. त्यांनी ‘अस्सं’ म्हणून कप ठेवला.

रात्री घरी आल्यावर साडी बदलायच्या आधी पुस्तक उघडलं. पाचवा अंक, पहिला प्रवेश. बियांका एमिलियाला उत्तर देते, त्यात तोच शब्द होता. मी वहीत लिहिलं: ‘‘मी वेश्या नाही. मला नावं ठेवणाऱ्या तुझ्याइतकीच सरळ आहे मी.’’