थंडीतला कच्चा आहार आणि मोड न येणारी मटकी

कच्च्या आहाराच्या सूचना लिहिणारी मंडळी मुंबईत पंख्याखाली बसून लिहितात, याची मला आता खात्री पटली आहे. ‘कडधान्य रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड तयार.’ या एका ओळीवर विसंबून माझा निम्मा डिसेंबर गेला.

आम्ही राहतो निफाडला. बाहेरच्यांनी हे नाव ऐकलेलं असतं ते हिवाळ्यात, पारा घसरल्याच्या बातम्यांत. २०१८ च्या डिसेंबरात आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. द्राक्षाचे मणी थंडीने तडकू नयेत म्हणून इथे बागांमध्ये रात्री शेकोट्या पेटवतात. अशा गावात मी कच्चं खायचं ठरवलं, आणि तेही दिवाळी संपल्या संपल्या.

का ठरवलं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पित्त, फराळ, जिना चढताना लागणारी धाप. नियम एवढाच केला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं कच्चं, आणि रात्री घरात जे शिजेल ते सगळ्यांबरोबर, गरम. पूर्ण दिवस कच्च्यावर काढायचा हट्ट थंडीत तरी कुणी करू नये, असं माझं मत आहे. गांधीजींनीसुद्धा १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग करून पाहिला होता आणि पोट बिघडल्यावर तो सोडून दिला. ते सोडू शकतात तर आपण रात्रीची भाकरी खायला काय हरकत आहे?

फळं, कोशिंबिरी यांत अडण्यासारखं काही नव्हतं. उलट कच्चं खाणाऱ्याला हिवाळ्यासारखा बाजार वर्षभरात दुसरा मिळत नाही. पेरू, बोरं, आवळे, गाजरं, पांढरा मुळा, कोवळी मेथी, हरभऱ्याचे घाटे. संक्रांतीच्या सुगडात आपण जे भरतो ते बहुतेक कच्चंच तर असतं. माझं माहेर अकोल्याकडचं, त्यामुळे घोळाणा हाताशी होता. पातीचा कांदा आणि मेथी बारीक चिरायची, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. आमच्याकडे भाजलेल्या दाण्यांचं कूट घालतात. मी दाणे रात्री भिजवून सकाळी जाडसर वाटून घातले. चव निराळी लागते, पण वाईट नाही.

पण पाला आणि फळं खाऊन दुपार ढकलली जात नाही. साडेअकरालाच पोटात कावळे ओरडायला लागतात आणि हात डब्यातल्या चिवड्याकडे जातो. म्हणून मोडाची मटकी. आणि तिथेच सगळं अडलं.

मी मटकी रात्री भिजवली. सकाळी पाहिलं तर अर्धी फुगलेली आणि अर्धी जशीच्या तशी, गणंग. तरी बांधली. दुसऱ्या दिवशी मोड नाही. तिसऱ्या दिवशी फडकं सोडलं तर एखाद्या दाण्याला पांढरा ठिपका, आणि बाकीच्यांना आंबूस वास आणि बुळबुळीतपणा. सगळी खताच्या खड्ड्यात गेली. पहिला संशय अर्थातच दुकानदारावर. जुना माल मोड धरत नाही, हे खरंच आहे. त्याच्याकडे गेले तर तो कानटोपीतून म्हणाला, “ताई, मटकी यंदाचीच आहे. थंडी बघा ना.” मी दुसऱ्या दुकानातून आणली. तीही तशीच.

मग उपाय सुरू झाले. ज्याला सांगावं त्याच्याकडे एक उपाय तयारच असतो. कुणी म्हणालं, फडकं गव्हाच्या कोठीत खुपस. खुपसलं. गहूच इतके गार होते की मटकी आणखी गारठली. कुणी म्हणालं, दुलईत गुंडाळ. दुलई स्वतःची ऊब देत नाही, आतली असेल ती धरून ठेवते, आणि गार मटकीत ऊब असणार कुठून? कुणी म्हणालं, ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा लावून ठेव. ओव्हन नव्हता, म्हणून मी कपाटात दिवा लावला. पूर्वीचा पिवळा बल्ब चांगला तापायचा, त्याच्याखाली पिल्लंसुद्धा वाढवायचे. आताचा एलईडी उजेड देतो आणि ऊब मात्र जेमतेम. वीज जाळली, मटकी ढिम्म.

त्यात भर म्हणजे मी रोज सकाळ-संध्याकाळ ती मटकी नळाखाली धुवत होते, कारण धुतली नाही तर वास येतो. नळाला पाणी येतं गच्चीवरच्या टाकीचं. डिसेंबरातल्या सकाळी त्या पाण्यात बोटं बधिर होतात. म्हणजे रात्रभरात डब्यात जी काय थोडी ऊब साठली असेल, ती सकाळी मीच धुऊन टाकत होते. स्वयंपाकघरात बागेतला थर्मामीटर आणून टांगला, तर पहाटे अकरा अंश. मटकीला उगवायला पंचवीस-तीस अंश लागतात. तिचंही चुकत नव्हतं म्हणा.

हे म्हणाले, “अगं, भिजलेली आहे तर उसळ करून टाक.” उसळच करायची असती तर इतका खटाटोप कशाला केला असता? पण हे सांगून उपयोग नव्हता. त्यांना रात्री उसळ हवी होती.

कोडं सोडवलं सासऱ्यांनी, तेही न विचारता. आबा अंगणात शेकत बसले होते. मी पुन्हा एकदा डबा घेऊन उन्हाच्या दिशेने निघाले तेव्हा म्हणाले, “काय करू राहिली तू त्या डब्याशी?” सांगितलं. त्यांनी विचारलं, “मटकी पेरतो कधी आपण?” म्हटलं, पावसाळ्यात. “आणि आत्ता रानात काय उगवलंय?”

हरभरा. गहू. मेथी तर वाफ्यात समोरच होती.

मटकी, मूग, चवळी, उडीद ही खरिपाची धान्यं. त्यांना ऊब लागते. हरभरा, मसूर, मेथी, गहू रब्बीचे. त्यांची पेरणीच थंडीच्या तोंडावर होते आणि गार मातीतही ते उगवून येतात. शेतकऱ्याच्या घरात राहून हे मला कच्च्या आहाराच्या एकाही सूचनेत वाचायला मिळालं नाही, याचा राग अजून गेलेला नाही. प्रत्येक ठिकाणी मूग आणि मटकी, मटकी आणि मूग.

त्याच रात्री देशी हरभरा आणि मेथीदाणे भिजवले. कोमट पाण्यात, बारा तास. मग फडक्यात बांधून ओट्यावरच ठेवले. ना दुलई, ना दिवा. उन्हाळ्याइतके भराभर नाही, पण दोन-तीन दिवसांत हरभऱ्याला नखाएवढे मोड, आणि मेथीला त्याच्याही आधी. मोड आलेल्या मेथीचा कडूपणा सौम्य होतो. गाजराच्या किसात लिंबू पिळून घातली तर चवीने खाता येते. हरभरा मात्र कच्चा खाताना मूठभरापुढे जाऊ नका आणि भरपूर चावा, नाहीतर संध्याकाळी पोट ढोलासारखं होतं.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण मटकीने मला इतकं छळलं होतं की तिला मोड आणल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते. द्राक्षाच्या पॅकिंगचा थर्माकोलचा एक खोका आणला. त्यात मटकीचं फडकं चाळणीत ठेवलं, शेजारी गरम पाण्याची झाकण घट्ट लावलेली बाटली, वर झाकण थोडं किलकिलं. बाटलीतलं पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं. आणि धुण्यासाठी टाकीचं पाणी बंद. थेट बोअरचं घ्यायचं, मोटार सुरू केल्यावर सुरुवातीचं जाऊ दिल्यानंतरचं. थंडीत जमिनीतलं पाणी कोमट लागतं. विहिरीवर अंघोळ केलेल्या कुणालाही हे माहीत असतं. ज्यांच्याकडे बोअर नाही त्यांनी गॅसवर पाणी कोमट करावं, बोटाला सुखावेल इतपत. दुसऱ्या दिवशी रात्री खोका उघडला तर फडक्याबाहेर मोड डोकावत होते. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले. सासूबाई म्हणाल्या, “बाळंतीण झाल्यासारखी काय करतेस!” पण बघायला आल्या.

त्या खोक्याबद्दल एक इशारा. जी ऊब मोडांना आवडते तीच जंतूंनाही आवडते. दोनदा धुणं चुकवायचं नाही, आणि जरा जरी आंबूस वास आला तर सरळ टाकून द्यायचं, हळहळ न करता. सासूबाईंचं वय झालंय, त्यांना मी कच्चे मोड देत नाही, वाफवून देते. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठीही तेच.

आता थंडी वाजण्याबद्दल. पहिल्या आठवड्यात हात-पाय गार पडायचे, दुपारी शाल सुटायची नाही. सगळे म्हणाले, कच्चं खाल्ल्याने अंग गार पडतं. मला तसं वाटत नाही. मी पुरेसं खातच नव्हते. अर्धा किलो गाजरांत साधारण २०० कॅलरी असतात, आणि तेवढ्याच ३५ ग्रॅम शेंगदाण्यांत. ताटभर कोशिंबीर खाऊन पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगाला जाळायला काही मिळत नाही. दाणे, तीळ, ओलं खोबरं, खजूर यांचं प्रमाण वाढवलं तसा शालीचा मुक्काम कपाटात गेला. तीळ भिजवून, खजुराबरोबर वाटून लाडू वळले, ते दुपारच्या चिवड्यावर उतारा म्हणून चांगले.

कच्चं म्हणजे गारढोण, अशीही एक समजूत असते. काही गरज नाही. कच्चा आहार घेणारे साधारण ४० ते ४८ अंशांच्या मध्ये कुठेतरी रेषा ओढतात, जो तो आपापली. म्हणजे कोमट चालतं. चिरायच्या भाज्या आदल्या रात्रीच फ्रिजमधून बाहेर काढून ठेवा. नारळाचं दूध काढताना कोमट पाणी घाला, त्यात आलं, मिरची आणि मीठ घालून वाटीभर प्यायलं तर सारासारखं लागतं. टोमॅटोचंही तसंच होतं. कोशिंबिरीवर मी जिरं-हिंगाची गरम फोडणी घालते. काटेकोर मंडळी याला कच्चं म्हणणार नाहीत. त्यांनी निफाडला येऊन पहाटे मुळा खाऊन दाखवावा.

चहा मी सोडलेला नाही. हे आधीच सांगायला हवं होतं, कारण विचारणारे पहिला प्रश्न हाच विचारतात.

ओली हळद आणि आंबेहळद याच दिवसांत मिळतात. किसून, लिंबाच्या रसात मीठ घालून बरणीत भरली की जेवताना चमचाभर पुरते. दात शिवशिवत असतील तर आवळा अख्खा चावू नका, किसून मधात घाला. आणि भाज्या धुण्यात आळस नको. मेथी-कोथिंबिरीच्या मुळाशी माती असते, आणि शिजवताना जे मरून जातं ते इथे तसंच पोटात जातं. पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवून, ते पाणी टाकून, पुन्हा, माती तळाशी दिसेनाशी होईपर्यंत.

भोगीला मी दिवसाचा नियम मोडला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, वर लोणी. त्याबद्दल कुणाचं काही ऐकून घेणार नाही.

राहिलंच एक, आणि ते महत्त्वाचं आहे. मोड आले म्हणून सगळंच कच्चं खायचं नसतं. राजमा भिजवला, मोड आणले, तरी कच्चा विषारीच, चार-पाच दाण्यांनीही उलट्या सुरू होऊ शकतात. तो चांगला खळखळ उकळूनच खायचा. वाल आणि सोयाबीनही शिजवूनच. दुधीचा रस करणाऱ्यांनी आधी तुकडा जिभेला लावून बघावा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्यावा. आणि वनस्पतींतून बी-१२ मिळत नाही, त्यामुळे जे दूध-दहीही सोडतात त्यांनी ते डॉक्टरांना विचारून वेगळं घ्यावं. मी दही सोडलेलं नाही. थंडीत विरजण लागत नाही ही तक्रार असेल, तर तोच थर्माकोलचा खोका त्यालाही चालतो.