आमच्या नर्सरीच्या कव्हर फोटोचा माझा अनुभव

आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे, वरूड तालुक्यात, शेंदूरजना घाटच्या बाजूला. या पट्ट्यात नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, रोडनं जाताना दोन्हीकडं हिरव्या जाळ्याच दिसतात, त्यामुळे बाहेरगावचा माणूस कोणत्या फाटकातून आत शिरायचं यातच गोंधळतो. आमच्याकडं मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याकडचे लोक येतात, राजस्थानातल्या झालावाडकडचेही येतात आणि आता हे सगळे आधी मोबाईलवर नर्सरी शोधतात मगच गाडी काढतात. म्हणून यंदा मे महिन्यात ठरवलं की पावसाळ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत गुगलवरचं आमचं पान नीट करायचं. व्हेरिफिकेशन आधीच झालं होतं, त्याला रस्ता, बोर्ड आणि आतली जागा दाखवणारा व्हिडिओ पाठवावा लागला होता, ते काम एका दिवसात झालं. खरा वेळ गेला तो कव्हर फोटोत.

पहिला फोटो मी तालुक्याच्या गावातून डीटीपीवाल्याकडून करून आणला. पिकलेल्या संत्र्यांनी लगडलेलं झाड, वर नर्सरीचं नाव, खाली दोन मोबाईल नंबर, कोपऱ्यात ‘खात्रीशीर कलमे’. दिसायला भारी होता पण झाड आमचं नव्हतं, नेटवरून घेतलेलं होतं. टाकला आणि दोन दिवसांनी पाहिलं तर नामंजूर. मग नियम वाचले तेव्हा कळलं की फोटो त्याच जागेचा पाहिजे, दुसरीकडून उचललेला चालत नाही, आणि फोटोवर मजकूर, नंबर असं भरायचं नाही, नंबरासाठी वेगळा रकाना असतो.

संध्याकाळी तोच फोटो मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना दाखवला. चाळीस वर्षं कलमांचे डोळे बांधतायत ते. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “सूनबाई, यात संत्री काऊन टाकली? आपण संत्री इकतो का? आपण कलमा इकतो. गिऱ्हाईक आलं का पयले खाली वाकते अन् जोड पाह्यते.”

मला एकदम पटलं. जोड म्हणजे जंबेरी लिंबाच्या खुंटावर जिथं संत्र्याचा डोळा, म्हणजे कळी बांधतात ती जागा, ती जमिनीपासून वीतभर तरी वर पाहिजे, नाहीतर लावल्यावर जोडाला माती लागते आणि पुढं डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग येतो. जाणकार शेतकरी तेच बघतो, जोड भरून आलाय का, खोड सरळ आहे का, पान पिवळं तर नाही ना. म्हणजे फोटोत फाटक दिसलं पाहिजे आणि कलम दिसलं पाहिजे, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाळीखाली फोटो काढले, पंचवीसेक तरी काढले असतील, सगळे वाया गेले. हिरव्या शेडनेटमधून येणारा उजेडच हिरवा असतो, आपल्या डोळ्याला तिथं उभं असताना ते जाणवत नाही पण फोटोत माणसांचे चेहरे हिरवे, पिशवीतली माती हिरवी, आणि ऊन जिथं थेट पडतंय तिथं नुसता पांढरा डाग. मेच्या दुपारी आमच्याकडं उन्हात दहा मिनिटं धरला की मोबाईल इतका तापतो की हातात धरवत नाही, ते वेगळंच.

मग आमचे हे म्हणाले सकाळी काढू, फाटक पूर्वेकडं आहे. सकाळी साडेसहाला गेलो. आदल्या रात्री बोर्ड पाण्यानं धुतला होता, लाल अक्षरं उन्हानं उडाली होती ती पेंटरकडून भरून घेतली होती. जाळीतली चांगली दोन ओळी कलमं बाहेर आणून फाटकाच्या आत मोकळ्या उजेडात मांडली, पिशव्यांवरची माती ओल्या फडक्यानं पुसली. मोबाईलची काच पण ओढणीनं पुसून घेतली कारण धूळ बसून ती धुरकट झाली होती, आधीचे फोटो अंधुक यायचं अर्धं कारण तेच असणार. मोबाईल आडवा धरला, ट्रॉलीवर चढले, बोर्ड मधोमध घेतला आणि दोन्ही बाजूला जागा सोडली. ही जागा सोडणं फार महत्त्वाचं आहे, कारण तोच फोटो कुठं आडवा दिसतो कुठं चौकोनी कापून दिसतो, आणि कडेला असलेलं नाव अर्धं गायब होतं.

पुतण्या म्हणत होता फिल्टर मारून पानं अजून हिरवी करू. मी नाही म्हटलं. नर्सरीत पानाचा रंग म्हणजे झाडाची तब्येत, फोटोत गडद हिरवं दाखवायचं आणि शेतकरी दोनशे किलोमीटरवरून आल्यावर त्याला फिकट दिसलं तर ती फसवणूकच झाली. फक्त थोडा तिरपा होता तो सरळ केला आणि १६:९ मध्ये कापला.

साईजचं पण सांगते, फोटो जेपीजी किंवा पीएनजी पाहिजे, १० केबी ते ५ एमबीच्या आत, आणि शक्यतो ७२० बाय ७२० पिक्सेल असावा असं सांगतात. मोबाईलचा मूळ फोटो साडेसहा एमबीचा होता, म्हणून पुतण्यानं स्वतःकडं व्हॉट्सअपवर मागवून लहान केला तर तो इतका दाबला गेला की जोड ओळखूच येईना. शेवटी त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे तो आहे तसा जातो, आणि त्यानं कॉम्प्युटरवर तीन एमबीवर आणला. बोर्डाचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

टाकल्यावर दुसऱ्या दिवशी दिसायला लागला, पण पहिला दिसत होता तो कुण्या गिऱ्हाईकानं कधीतरी टाकलेला चिखलातल्या ट्रॅक्टरचा. कव्हर म्हणून टाकलेला फोटोच पुढं येईल अशी खात्री नसते, आणि दुसऱ्यानं टाकलेला आपल्याला काढता येत नाही, नियमात बसत नसेल तर फक्त कळवता येतं. आम्ही आमचे स्वतःचे जुने अंधुक फोटो काढून टाकले आणि त्याच सकाळचे आणखी चार चांगले टाकले, त्यातला एक नुसत्या जोडाचा, मामाजींचा अंगठा बाजूला धरून, म्हणजे खोडाची जाडी कळावी. आठवड्याभरात फाटकाचा फोटो वर आला.

जूनच्या पहिल्या पावसानंतर पांढुर्ण्याहून एकाचा फोन आला, मामाजींनीच उचलला. “लाल अक्षराच्या बोर्डापाशी उभा हाव, अंगठ्याजवळचं कलम दाखवलं ते इथलंच का?” मामाजी बोलता बोलताच चप्पल घालून फाटकाकडं निघाले.