‘टीव्हीमुळे मराठी बिघडली ना हो?’

भाषेबद्दल कुठेही बोलायला उभं राहिलं की शेवटी हा प्रश्न ठरलेला. २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या, आसपास तर जास्तच. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हो’ ऐकायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: टीव्हीनं आणि पेपरांनी शब्द बदलले, हे खरं. बोलण्याची ढब फारशी बदलली नाही. पण भाषेबद्दलच्या आपल्या समजुती शाळेच्या खालोखाल माध्यमांनीच घडवल्या. आणि या तिसऱ्या गोष्टीबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

ढब का बदलत नाही? माणूस बोलायला शिकतो तो समोरच्या माणसाकडून. खोक्यातला माणूस उलट उत्तर देत नाही, चुकलं तर हसत नाही, जवळही घेत नाही. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. तेव्हापासून प्रमाण मराठीतल्या बातम्या मावळ-मुळशीत पोचतायत, तरी तिथल्या कितीतरी घरांत ‘पाणी’चं ‘पानी’च राहिलं. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. तोच माणूस मुलीच्या शाळेत पालकसभेला गेला की दबकून म्हणतो, ‘आमचं बोलणं काय शुद्ध नाही.’ हे त्याला सांगितलं कुणी?

‘शुद्ध मराठी म्हणजे पुण्याची’ ही समजूत मुळात छापखान्यातली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, १८५७ला त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. सरकारी शाळांची क्रमिक पुस्तकं मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली तपासली गेली. शिकलेल्या पुणेकर वर्गाचं मराठी छापलं गेलं, छापलेलं ते शाळेत गेलं आणि शाळेत गेलेलं ते ‘शुद्ध’ झालं. १८८१ साली ‘केसरी’ निघाला आणि हीच भाषा गावोगाव मोठ्यानं वाचली जाऊ लागली. त्याच्या चार वर्षं आधी, १८७७ला, कृष्णराव भालेकरांचं सत्यशोधक विचारांचं ‘दीनबंधु’ हे पत्रही पुण्यातच सुरू झालं होतं. पण ‘पुणेरी मराठी’ म्हटल्यावर ते कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही. पत्ता एकच असला तरी मान कुणाच्या बोलण्याला मिळाला, ते यातून दिसतं.

त्यात आणखी एक घोळ आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ला त्यांत पडलेली चारांची भर, हे लेखनाचे नियम आहेत. ऱ्हस्व-दीर्घ कुठे, अनुस्वार कधी, सामान्यरूप कसं लिहायचं, एवढंच ते सांगतात. पेपराच्या पुरवणीतलं ‘शुद्ध-अशुद्ध’चं सदर मात्र लेखनाच्या चुका आणि बोलीतली रूपं एकाच रकान्यात टाकतं. ‘दिर्घ’ ही लिहिण्यातली चूक. ‘म्या’ ही चूक नाही, ते बोलीतलं रूप आहे. दोन्हींपुढे तीच फुली मारली की वाचणारा आजीलाही अशुद्ध ठरवतो.

आता बातमीच्या टेबलाजवळ जाऊ. खरं काम तिथं चालतं आणि ते कुणी मुद्दाम करत नाही. समजा, गारपिटीची बातमी आहे. शेतकरी म्हणाला, ‘समदं गेलं, आता आमी काय करनार?’ अधिकारी म्हणाले, ‘ॲक्च्युअली आपण पंचनाम्याचं काम स्टार्ट केलंय, टू-थ्री डेजमध्ये कम्प्लीट होईल.’ दुसऱ्या दिवशी छापून येतं ते असं: शेतकऱ्याचं वाक्य अवतरणात, जसंच्या तसं. अधिकाऱ्यांचं वाक्य, ‘पंचनाम्यांचे काम सुरू करण्यात आले असून दोन-तीन दिवसांत ते पूर्ण होईल.’ एकाचं बोलणं जसं निघालं तसं ठेवलं, दुसऱ्याचं धुऊन इस्त्री करून दिलं. उपसंपादकाला विचारलं तर तो म्हणेल, शेतकऱ्याच्या बोलण्याचा बाज ठेवायचा होता. बाज दोघांनाही होता. अशी जोडी वाचकापुढं वर्षानुवर्षं येत राहिली की बोली म्हणजे दुःख आणि प्रमाण म्हणजे कारभार, हे न सांगता मनात बसतं. उपाय साधा आहे. ठेवायचं तर दोघांचं तसंच ठेवा, नीट करायचं तर दोघांचं करा. शेतकऱ्याचं ‘सगळंच गेलं, आता आम्ही काय करणार?’ असं छापलं म्हणून बातमीतलं दुःख कमी होत नाही.

मालिकांत हेच उघड्यावर असतं. तपासायचं तर एक मालिका घ्या, सोमवार ते शुक्रवार पाहा आणि कागदावर चार रकाने आखा: पात्र, त्याचं काम, त्याची बोली, आणि त्याच्या वाक्यावर प्रेक्षकानं हसावं अशी अपेक्षा आहे का. चौथा रकाना विसरू नका, त्याच्याशिवाय बाकीचे तीन फारसं सांगत नाहीत. मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी कानावर येतात हल्ली, पूर्वीपेक्षा खूपच येतात, आणि ते चांगलंच आहे. प्रश्न असा, की त्या बोलीत कुणी आजाराचं निदान करतं का? कोर्टात युक्तिवाद करतं का? मालिका कोल्हापुरात घडत असली तरी गंभीर वळण आलं की नायिका प्रमाण बोलू लागते. एकदा कान तिकडे गेला की मग ते ऐकू येणं थांबत नाही.

बोलीबद्दल मनात बसलेलं हे सगळं मोजता येतं का? येतं. १९६०च्या सुमारास माँट्रियलमध्ये वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञानं याची रीत घालून दिली. एकच माणूस एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये तोच मजकूर वाचतो, ऐकणाऱ्याला वाटतं माणसं दोन आहेत. इंग्रजी आवाजाला बऱ्याच गुणांत वरचे गुण मिळाले. खुद्द फ्रेंच बोलणाऱ्यांनीही ते दिले, हे त्यातलं बोचरं.

हा प्रयोग मराठीत कुठल्याही कॉलेजात होण्यासारखा आहे. प्रमाण मराठी आणि एखादी बोली, दोन्ही घरच्यासारख्या येणारी एक व्यक्ती शोधा. मजकूर सुमारे एक मिनिटाचा आणि बिनरंगी हवा; स्वारगेटहून एसटी कुठून सुटते, तिकीट कुठे मिळतं, एवढाच. शेतीचा मजकूर नको, तो ऐकताच बोलीला आपोआप गुण मिळतात. दोन्ही ध्वनिमुद्रणं त्याच खोलीत, त्याच फोनवर करा. ऐकवताना मध्ये दुसऱ्या तीन-चार आवाजांची भर घाला, म्हणजे आवाज ओळखला जाणार नाही. ऐकणारे तीसेक असावेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायला सांगा: हुशार, शिकलेला, विश्वासू, प्रेमळ, विनोदी. प्रयोग कशाचा आहे ते गुण देऊन होईपर्यंत सांगायचं नाही.

फसतो कुठे? बहुतेक वेळा बोलीच्या ध्वनिमुद्रणात. बोलणारा घरची बोली सोडून टीव्हीवरची बोली बोलतो, प्रत्येक वाक्याला हेल काढतो, ‘लई’ आणि ‘व्हय’ पेरतो. मग तुम्ही बोली मोजत नाही, नक्कल मोजता. खरी बोली कशी असते हे आधी कानात बसवायचं असेल तर डेक्कन कॉलेजनं केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे, जिल्हावार ध्वनिमुद्रणांसह. तासभर ते ऐकलं तरी नकलेचा सूर पकडता येतो. निकाल सहसा दुभंगलेला येतो. जगभर अशा बऱ्याच प्रयोगांत तो तसाच येत आलाय: हुशारी आणि शिक्षण प्रमाण भाषेच्या खात्यात, माया आणि विश्वास बोलीच्या खात्यात. नोकरीच्या मुलाखतीत कुठलं खातं चालतं, ते सांगायला नको.

आता मथळ्यांकडे वळू. इथं माझा जीव जरा जास्त जळतो, कारण या चुका पाच मिनिटांत टाळता येतात. २०११च्या जनगणनेची भाषांची आकडेवारी २०१८ साली बाहेर आली आणि ‘भारतात १९,५००हून अधिक मातृभाषा’ असे मथळे देशभर झळकले. मूळ तक्ता काय सांगतो? लोकांनी मातृभाषा म्हणून जे जे नाव सांगितलं, अशी कच्ची नावं १९,५६९. त्यात एकाच भाषेची चार वेगळी स्पेलिंगं आली, गावाचं नाव आलं, जातीचं नाव आलं. छाननी करून उरल्या १,३६९ मातृभाषा. त्यांतल्या एकमेकींच्या जवळच्या एकत्र करून आणि दहा हजारांहून कमी बोलणाऱ्या बाजूला ठेवून भाषा झाल्या १२१. तिन्ही आकडे त्याच कागदावर होते. मथळ्यासाठी उचलला तो सगळ्यात कच्चा आकडा.

त्याच तक्त्यात अहिराणी ‘मराठी’त नाही. ती ‘खानदेशी’ या स्वतंत्र नावाखाली आहे आणि त्या नावाखाली साडेअठरा लाखांहून जास्त माणसं आहेत. मालवणी कोकणीखाली मोजलेली आहे. पेपरात मात्र दोघी ‘मराठीच्या गोड बोली’. जनगणनेचं बरोबर आणि पेपरांचं चूक, असं नाही म्हणत मी. पण ही वाटणी कुणीतरी केलेली आहे, एवढं तरी वाचकाला कळायला हवं.

‘मराठी टक्का घसरला’ ही दुसरी आवडती ओळ. एक काल्पनिक शहर घ्या. लोकसंख्या दहा लाख, मराठी मातृभाषा असलेले ऐंशी टक्के, म्हणजे आठ लाख. शहर पंधरा लाखांचं झालं, टक्का बहात्तरवर आला. मराठी माणसं किती? दहा लाख ऐंशी हजार. टक्का आठनं उतरला आणि माणसं दोन लाख ऐंशी हजारांनी वाढली. दोन्ही खरं आहे, मथळा एकाचाच होतो. पुण्याबद्दल असं काही वाचलंत तर पहिला प्रश्न हा विचारा, की आकडा महापालिका हद्दीचा की जिल्ह्याचा? दुसरा, कुठल्या वर्षाचा? २०२१ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही, त्यामुळे २०११नंतरचा ‘ताजा’ टक्का कुणी छापला तर तो अंदाज आहे, मोजणी नव्हे.

‘हिंदी राष्ट्रभाषा आहे’ हेही असंच दोन पिढ्यांच्या कानांवर पडत आलंय. राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असा शब्द तिथं नाही. २०२५च्या वादात याचा परिणाम स्पष्ट दिसला. राज्य सरकारनं १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय काढला, जूनमध्ये त्यात दुरुस्ती केली आणि २९ जूनला दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. अडीच महिने वाहिन्यांवरचा प्रश्न होता, ‘हिंदी हवी की नको?’ शिक्षकांचा प्रश्न दुसरा होता: सहा वर्षांच्या मुलाला एकदम तीन भाषा झेपतील का, आणि शिकवणारा कुठून आणायचा? पहिल्या प्रश्नावर दोन माणसं एकमेकांवर ओरडू शकतात. दुसऱ्यावर ओरडायला काही नाही, म्हणून त्याच्या वाट्याला वेळ कमी आला.

शब्दांचं थोडक्यात सांगतो. ‘महापौर’, ‘दिनांक’ हे सावरकरांनी सुचवलेले शब्द आज कुणाला खटकत नाहीत, कारण ते रोज छापले गेले. ‘माझी मदत कर’ आज खटकतं, आणि तेही रोज ऐकवलं जातंय. त्यातलं बरंचसं डब केलेल्या जाहिरातींतून येतं. जाहिरात हिंदीत चित्रित होते, मराठी ओळ त्याच सेकंदांत बसवायची आणि प-ब-मला ओठ मिटले पाहिजेत. भाषांतर करणारा मूळ वाक्याला चिकटून राहतो, कारण मंजुरी देणारा हिंदी संहिता समोर ठेवून ओळ ओळ ताडून बघतो. कुणाच्या अज्ञानापेक्षा कामाच्या या रीतीचा दोष मोठा आहे.

तक्रार करायची तर संपादकांना पत्र लिहा, पण शंभर शब्दांच्या आत. तारीख, पान, मूळ वाक्य, काय चुकलं, बरोबर आकडा कुठल्या तक्त्यात आहे, बस. ‘मराठीची गळचेपी’ हे शब्द त्यात आले की पत्र वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून येतं आणि दुरुस्ती तशीच राहते. आकडा आणि तक्ता एवढंच असेल तर ते उपसंपादकाच्या टेबलावर जातं. दुरुस्ती आलीच तर आतल्या पानावर, चार ओळींत येते. तिचं कात्रण ठेवा. तोच आकडा पुढच्या फेब्रुवारीच्या पुरवणीत परत आला तर पत्राला जोडायला उपयोगी पडतं.