झूल होती, तरी घोडी अंग घासत होती

घोडी ठेंगणी, वजन दीडशे किलोच्या आसपास. आयाळ अर्धीअधिक गेलेली, शेपटीच्या मुळाशी केसांची फक्त खुंटं, खाली कातडीच्या जाड वळ्या आणि त्यांच्यामध्ये रक्ताळलेल्या चिरा. ही चिलटांच्या चाव्याची ॲलर्जी असं धरून मालकीणबाई एकच गोष्ट मागत होत्या, “डॉक्टर, मागच्या उन्हाळ्यातलं ते इंजेक्शन द्या. लगेच गुण आला होता.”

ते इंजेक्शन म्हणजे महिनाभर अंगात रेंगाळणारं स्टिरॉइड. घोडीच्या मानेवर चरबीची कडक कड होती आणि पुढच्या खुरांवर टाचेकडे रुंद होत गेलेली वलयं, म्हणजे खुरांना आतून सूज येऊन गेल्याची खूण. अशा गुटगुटीत तट्टाला टिकाऊ स्टिरॉइड टोचणं मला मुळीच पटत नाही. खाज थांबते, पण खूर कायमचे बिघडू शकतात, आणि टोचलेलं औषध परत काढता येत नाही. गोळी निदान थांबवता तरी येते.

शेपूट घासणाऱ्या प्रत्येक जनावराला चिलटांचीच ॲलर्जी असते असं नाही. गुदद्वाराभोवती पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कृमींची अंडी नव्हती. भिंगातून उवाही दिसल्या नाहीत. खाज आयाळीला, शेपटीच्या मुळाशी आणि पोटाखालच्या मधल्या रेघेवर, शिवाय थंडीत सगळं साफ. हे चिलटांचंच काम. जेमतेम 1 ते 3 मिलिमीटरचा हा कीटक. चावते ती मादी, आणि तिच्या लाळेतल्या प्रथिनांवर घोडीचं शरीर उसळतं.

“झूल तर आहे की,” बाई म्हणाल्या. मी ती अंगावर घालून दाखवायला सांगितलं. कापड साध्या मच्छरदाणीचं, त्याच्या भोकांतून चिलट सहज आत शिरतं. माप मोठ्या घोड्याचं, त्यामुळे पोटाखाली वीतभर पोकळी. मान उघडी. शेपटीवरचा पट्टा तुटलेला. विकणाऱ्याने ‘कीटकांची झूल’ म्हणून ती गळ्यात मारली होती, याचा मला अजून राग येतो. झूल निवडताना छातीच्या मध्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत टेप लावून माप घ्यायचं. जाळी अगदी बारीक विणीची, रंग फिका, पोटपट्टा रुंद आणि अंगालगत बसणारा, मान कानांच्या मागपर्यंत झाकलेली, शेपटीवर झडप. फाटलं तर त्याच दिवशी शिवायचं, कारण झुलीच्या आत अडकलेली चिलटं बाहेरच्यांपेक्षा जास्त छळतात. रोज काढून खांद्यावर घासल्याच्या खुणा बघायच्या आणि खरारा करून, अंग कोरडं असतानाच पुन्हा घालायची.

खरी माहिती घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराकडून मिळाली. त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं. दुपारी ऊन लागतं म्हणून घोडी तबेल्यात ठेवायची आणि संध्याकाळी पाचला, ऊन उतरलं की, तळ्याकाठच्या कुरणात सोडायची, असा तिथला रिवाज. मायेनंच करत होते, पण चिलटांची वेळ नेमकी तीच: संध्याकाळ आणि पहाट, वारा पडलेला, हवा दमट. शिवाय तबेल्याच्या दाराशीच ओल्या लिदेचा ढीग, त्यांची पैदास होण्याजोगी जागा.

वेळा उलट्या केल्या. दुपारी चारपासून सकाळी आठपर्यंत आत. दिवसा तळ्यापासून दूर, वारा खेळणाऱ्या उंचवट्यावर, सावलीची सोय ठेवून. खिडक्यांना बारीक जाळी, आणि पाठीवर व पुठ्ठ्यावर वारा येईल असा पंखा, तारा तिच्या दातांना पोहोचणार नाहीत अशा. चिलटांचे पंख दुबळे. ताशी दहा किलोमीटरच्या वाऱ्यातही त्यांना नीट उडता येत नाही. माझ्या मते बाटलीतल्या कुठल्याही औषधापेक्षा पंखा मोलाचा.

चिरांसाठी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा शाम्पू: थंड पाणी, दहा मिनिटं फेस तसाच, मग निपटून धुणं. शाम्पू राहिला की त्याचीच खाज सुटते. 25 टक्के बेंझिल बेंझोएट, म्हणजे चिलटं दूर ठेवणारं लावायचं औषध, फक्त अखंड कातडीवर. चिरेवर लागलं की आग होते आणि घोडी पुन्हा घासते. जखमा भरेपर्यंत ते बाजूलाच ठेवलं. लसूण चारणं बंद करायला लावलं. त्याने चिलटं पळतात याला आधार नाही, आणि जास्त लसणाने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

नव्या कातडीवर केस येऊ लागले तसं बाईंनी विचारलं, “हिचं शिंगरू घ्यावं का?” या दोषाकडे असलेला कल वारशाने येतो, म्हणून मी नको म्हणालो. त्यांचा प्रतिवादही बिनबुडाचा नव्हता. ही घोडी चिलटं नसलेल्या कोरड्या डोंगरावरून मोठेपणी इथं आली. अशी चिलटं जवळपास नसलेल्या आइसलँडहून बाहेर नेलेल्या घोड्यांमध्ये हा त्रास खूप आढळतो, तर त्याच जातीच्या, बाहेरच जन्मलेल्या घोड्यांमध्ये बराच कमी. मग चिलटांतच जन्मलेलं शिंगरू सुटेल का? कदाचित सुटेल. पण त्रास बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो, तोवर ते दुसऱ्याच्या दावणीला गेलेलं असतं. माझं उत्तर नकाराचंच आहे. बाईंनी मात्र अजून ठरवलेलं नाही.