रोहिणी निघाल्या, मग दिसत का नाहीत?

25 मे उलटला की आमच्या अमळनेरकडे प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "रोहिणी निघाल्या." कपाशीचं बियाणं, ठिबकच्या नळ्या, पावसाचा अंदाज, सगळ्या गप्पा मग तिथूनच पुढे सरकतात. मला आकाशाचा नाद आहे हे गावाला ठाऊक, त्यामुळे कोणीतरी हटकून विचारतंच, "काय सर, रोज गच्चीवर झोपतो, पण या रोहिणी काही दिसल्या नाहीत." तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

दिसणार कशी? त्या दिवसांत खुद्द सूर्य तिच्याकडे मुक्कामाला असतो. पावसाची नक्षत्रं सूर्यावरून धरतात. साधारण 25 मे ते 7 जून सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो आणि जूनच्या पहिल्या तारखेच्या आसपास तो रोहिणीच्या ताऱ्याजवळून जातो. म्हणजे तारा सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबरच मावळतो. जळगाव-भुसावळला पारा चव्वेचाळीसवर असतो तेव्हा रोहिणी भर दुपारी डोक्यावर असते, पण त्या उजेडात ती कोणाला दिसावी?

आणि पाऊस ती पाडते का, तर नाही. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की कोल्हा यावर पेरणी ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण एक गोष्ट सांगतो. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, त्यामुळे सूर्याचा रोहिणीप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. शिवाजी महाराजांच्या काळी तो चार-पाच दिवस आधी होत असे. पाऊस काही त्याच्यामागे सरकलेला नाही.

रोहिणी बघायचीच तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बघा. पोरी झोक्यावर असतात त्या संध्याकाळी पश्चिमेला तिजेची कोर असते आणि तिच्या आसपास हा तांबूस तारा. आखाजी उशिरा आली तर मात्र तो फार खाली गेलेला असतो. नंतर गोकुळाष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला अर्धा चंद्र उगवतो, त्याच्या जवळपास पुन्हा रोहिणी, ढगांनी सवड दिली तर. पण खरा हंगाम हिवाळ्याचा. रात्रीची लाईट आली म्हणून हरभऱ्याला पाणी भरायला जाणाऱ्यांना ती जितकी छान दिसते तितकी मोठ्या शहरातल्या कोणाला दिसत नाही. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण शोधा. त्याची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी. व्याध पांढराशुभ्र, रोहिणी नारिंगी. हा फरक डोळ्यांना सरळ कळतो, चष्म्यावाल्यांनाही.

नारिंगी का, तर ती थंड आहे म्हणून. थंड म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबात. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5,500 अंश सेल्सिअस, तिचा 3,600 च्या आसपास. तरीही ती सूर्याच्या सुमारे 400 पट प्रकाश देते, कारण आकार. तिचा व्यास सूर्याच्या साधारण 44 पट, म्हणजे सहा कोटी किलोमीटर. सूर्याच्या जागी तिला ठेवली आणि तुम्ही हात लांब करून वीत पसरली, तर त्या वितेतही ती मावणार नाही. आज तोच सूर्य करंगळीच्या नखाआड सहज लपतो.

मला सगळ्यात नवल वाटतं ते तिच्या वजनाचं. एवढा अवाढव्य पसारा, पण वस्तुमान सूर्यापेक्षा किंचितच जास्त. भागाकार करून पाहिला तर तिची सरासरी घनता आपल्या हवेच्या साठाव्या हिश्श्याएवढी येते! गाभा अर्थात अतिशय दाट आहे, पण बाहेरचा बहुतेक पसारा जवळजवळ पोकळीच. गाभ्यातला हायड्रोजन संपला, गाभा आकसला, त्याच्याभोवतीच्या थरात हायड्रोजन जळू लागला आणि त्या उष्णतेने बाहेरचे थर फुगून थंड झाले. अशा ताऱ्याला राक्षसी तारा म्हणतात. आपल्या सूर्याचीही सुमारे 500 कोटी वर्षांनी हीच गत होणार आहे. स्फोट होईल का, असं पोरं विचारतात. नाही, तेवढं वजन तिच्यात नाही. बाहेरचे थर झडतील आणि आत श्वेतबटू, म्हणजे लहानसा दाट गाभा, उरेल.

रोहिणीभोवती इंग्रजी व्हीसारखा जो ताऱ्यांचा झुबका दिसतो, त्यातली ती नव्हेच. तो झुबका सुमारे 150 प्रकाशवर्षांवर आहे, रोहिणी 65 वर. आज डोळ्यांत शिरणारा तिचा प्रकाश महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्या सुमारास निघालेला आहे.

शेवटचा प्रश्न दुर्बिणीचा. दुर्बिणीतूनही ती ठिपकाच दिसते. पण चंद्राची लाडकी राणी ही पुराणातली गोष्ट शास्त्रज्ञांच्या कामी आली आहे. चंद्र अधूनमधून तिला खरोखर झाकतो आणि तेव्हा ती फट्कन न विझता सेकंदाच्या काही शतांश भागात मंदावत जाते. त्या मंदावण्यावरून तिचा व्यास मोजता आला. 2015 ते 2018 या काळात चंद्राने दर फेरीला पृथ्वीवर कुठून ना कुठून तिला झाकलं. पुढची अशी मालिका 2033 च्या सुमारास सुरू होईल.