जावामध्ये १ ते १,००,००० ची बेरीज: माझा अनुभव

लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहायला काहीच लागत नाही. बेरीज शून्यावर ठेवायची, तीही लूपच्या बाहेर. आत ठेवली तर दर फेरीला पुन्हा शून्य होते. शेवटची संख्याही धरायची असेल तर अटीत <= हवं. १ ते १०० ला ५०५० आलं की गाडी रुळावर.

मला राग आहे तो पुढच्या टप्प्याचा. एका सराव-चाचणीत लहान संख्या पास होतात, मोठी नापास होते आणि कारण म्हणून एवढंच दिसतं: 'उत्तर चुकीचं'. कंपायलर (कोड चालवण्याआधी तपासून भाषांतर करणारा प्रोग्रॅम) गप्प, प्रोग्रॅम चालू असतानाही एरर नाही. नवशिक्या मग तासन्‌तास लूपच तपासत बसतो. लूप बरोबर असतो. बेरीज इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जावाच्या नेहमीच्या प्रकारात, मावत नसते.

इंटची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. १ ते ६५,५३५ ची बेरीज २,१४,७४,५०,८८० येते, जेमतेम बसते. एकच संख्या वाढवा, ६५,५३६ करा, की थेट उणे २,१४,७४,५०,८८० दिसतं. उणे चिन्ह दिसलं तर निदान शंका तरी येते. १ ते १,००,००० ला इंट ७०,५०,८२,७०४ दाखवतो. दिसायला अगदी खरं. खरं उत्तर ५,००,००,५०,००० आहे. म्हणून बेरीज लाँगमध्येच ठेवा, तो इंटपेक्षा मोठा पूर्णांक-प्रकार आहे.

सूत्र वापरणाऱ्यांनी तर जास्त जपावं. एन × (एन + १) / २ मध्ये (एन म्हणजे शेवटची संख्या) गुणाकार आधी होतो, आणि एन इंट असेल तर तो इंटमध्येच होतो. उत्तर लाँगमध्ये साठवून उपयोग नाही. ४६,३४१ लाच तो फुटतो, खरी बेरीज इंटमध्ये आरामात बसत असूनही. लाँगचा कास्ट (प्रकार बदलायची खूण) पहिल्या एनला लावा. सगळ्या कंसाला बाहेरून लावला तर तोवर चुकून झालेलं असतं.

चूक लपू नये असं वाटत असेल तर बेरजेसाठी जावाची तयार मेथड मॅथ डॉट ॲडएक्झॅक्ट वापरा. आकडा मावला नाही की ते ॲरिथमेटिक एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकतं. मला हेच सगळ्यात आवडतं.

हो, सुरुवात शेवटापेक्षा मोठी दिली तर लूप एकदाही चालत नाही आणि शून्य येतं. आधी दोन्हींची अदलाबदल करा. लूपऐवजी इंटस्ट्रीम (संख्यांची मालिका देणारी जावाची तयार सोय) वापरलं, तर त्याची रेंज शेवटची संख्या सोडते, रेंजक्लोज्ड धरते. पण तिथलं बेरीज करणारं समही इंटच देतं, त्यामुळे लाँगस्ट्रीम घ्या.