खुर्चीच्या पाठीवरचा नंबर

परवा शुक्रवारी खुर्ची विणून मिळाली. तसं बघितलं तर एवढंच घडलंय, पण तेव्हापासून डोक्यात जे सुरू झालंय ते थांबत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

इथे स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये जुन्या वस्तूंची दुकानं असतात, ब्रोकी म्हणतात त्यांना. तिथे मला ही खुर्ची दिसली. वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची, वेत पार फाटून लोंबत होता. आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलात असायची ना, अगदी त्या घराण्यातली. वीस फ्रँकला मिळाली. नवरा म्हणाला प्लायचा गोल तुकडा कापून ठोकून टाकू, काम झालं. मी ऐकलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की इथे अंध लोकांची एक कार्यशाळा आहे आणि तिथे अजूनही वेताच्या खुर्च्या विणून देतात.

खुर्ची ट्रॅममधून घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईंनी आतून एका गृहस्थांना बोलावलं, साठीचे असतील. त्यांनी खुर्ची उलटी करून मांडीवर घेतली आणि चौकटीच्या कडेने अंगठा फिरवत एकेक भोक मोजायला लागले, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. इथे विणकामाचा दर भोकामागे असतो, जितकी भोकं तितके पैसे. बहात्तर निघाली. एका भोकाशी ते थांबले, नखाने आतली जुनी खुंटी चाचपली, मान हलवली आणि पुढे गेले. मी तिथे उभी होते आणि माझे डोळे भरून आले, कारण तो अंगठा मी आधी पाहिला होता.

बाबा साताऱ्यात एका सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी कधीकधी त्यांच्याबरोबर जायचे. पावसाळ्याच्या आधी तिथे एक अंध काका यायचे, खुर्च्या विणायला. व्हरांड्यात फाटलेल्या खुर्च्या ओळीने मांडून ठेवलेल्या असायच्या, शेजारी बादलीत वेत भिजत घातलेला. त्या ओल्या वेताचा वास मला आत्ता लिहितानाही येतोय. काका आधी सगळ्या चौकटीवरून अंगठा फिरवायचे, मग जुना वेत टोच्याने खाली पाडायचे, मग उभे पदर, मग आडवे, मग तिरके. तिरके पदर ओढताना वेत करकर वाजायचा. मी विचारलं होतं, तुम्हाला दिसत नाही तर कळतं कसं, तर म्हणाले, "बाळ, भोक बोटाला दिसतं."

तेच इथे. सात हजार किलोमीटरवर, वेगळी भाषा, वेगळा माणूस, पण अंगठा तोच.

आता मुद्द्याचं. 2023च्या जूनमध्ये मी इथलं डिझाइन मायामी बाझल बघायला गेले होते. आर्ट बाझल हे चित्रं-शिल्पांचं मोठं प्रदर्शन भरतं तेव्हाच त्याच्या जोडीला फर्निचर आणि डिझाइनच्या वस्तूंचं हे प्रदर्शन भरायचं. तिकीट महाग, पण ऑफिसातल्या मैत्रिणीकडे एक जास्तीचं होतं. पांढऱ्याशुभ्र स्टॉलमध्ये वरून दिव्यांचा झोत सोडलेला आणि त्याच्याखाली, काय सांगू, आपली ऑफिसची खुर्ची! सागवान, वेताची पाठ, वेताची बैठक, आणि ते उलट्या व्हीसारखे पाय. चंदीगडची खुर्ची. मी पटकन पुढे होऊन पाठीमागून वाकून बघितलं, कारण मला काय बघायचं होतं ते मला माहीत होतं. होता. मागच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटने, किंचित थरथरत्या हाताने काढलेला नंबर. स्टॉलवरचा तरुण धावतच आला, अगदी नम्रपणे म्हणाला, हात लावू नका आणि कृपया बसू नका. मी बसत नव्हतेच. मग त्याने मला समजावून सांगितलं की हा नंबर फार महत्त्वाचा आहे, त्यावरूनच खुर्ची अस्सल असल्याचं कळतं. किंमत विचारली. रुपयांत लाखांत जात होती.

मी त्याला सांगितलं नाही, पण घरी येऊन बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि दुरून काढलेला फोटो दाखवला. बाबांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि एका सेकंदात म्हणाले,

"अगं, हा डेडस्टॉकचा नंबर."

"माहितीये बाबा. ते म्हणतात यावरून किंमत ठरते."

"नंबर आहे म्हणजे रजिस्टरला नोंद असणार. मग निर्लेखन झालं होतं का, रजिस्टरमधून रीतसर काढून टाकली होती का? मंजुरी कोणाची होती?"

हसू नका, ते मनापासून विचारत होते. ज्यांनी सरकारी ऑफिस बघितलंय त्यांना सांगायला नको, डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे काय प्रकरण असतं. बाकीच्यांसाठी, ऑफिसातल्या टेबलं-खुर्च्यांसारख्या टिकाऊ सामानाची नोंदवही. बाबांनी हे नंबर स्वतः घातलेत. आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, पांढऱ्या रंगात बुडवायचा आणि खुर्चीच्या मागे ऑफिसचं छोटं नाव, रजिस्टरचं पान, अनुक्रमांक. दरवर्षी पडताळणी. एक स्टूल कमी भरलं म्हणून बाबा एकदा रात्री नऊला घरी आले होते, ते शेवटी शिपायांच्या खोलीत माठाखाली सापडलं. या माणसासाठी खुर्चीच्या पाठीवरचा नंबर म्हणजे जबाबदारी. आणि इथे तोच नंबर शोभेचा झालाय, त्यावर बोट फिरवायचीसुद्धा परवानगी नाही. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. चंदीगड शहर आखणारा आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ आणि स्वतःही आर्किटेक्ट असलेला पिएर जानरे 1951 साली चंदीगडला आला तो 1965पर्यंत तिथेच राहिला. कॉर्बुझिए यायचा-जायचा, हा राहिला. नव्या शहरातल्या ऑफिसांना, कोर्टाला, विद्यापीठाला, लायब्ररीला हजारोंनी खुर्च्या-टेबलं हवी होती, ती स्थानिक सुतारांकडून करून घ्यायची होती, म्हणून लाकूड आणि वेत, साधे जोड, कुठल्याही वर्कशॉपला जमेल असं डिझाइन. त्याच्याबरोबर तिथे आपली माणसं होती, त्यातल्या आर्किटेक्ट उर्मिला यूली चौधरी यांचा या फर्निचरमध्ये मोठा हात होता. त्या स्टॉलवरच्या पाटीवर त्यांचं नाव नव्हतं, फक्त जानरेचं होतं. जानरे 1967 साली गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात सोडल्या. म्हणजे माणूस आपला झाला होता, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही.

पुढे त्या खुर्च्या मोडल्या, ऑफिसांत स्टीलचं आणि फोमचं फर्निचर आलं, जुन्यांचे गच्चीवर, जिन्याखाली ढीग लागले, भंगार म्हणून लिलाव झाले. परदेशी डीलर आले आणि ढीगच्या ढीग कवडीमोलाने घेऊन गेले. 2011 साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घातली, पण तोवर बरंच बाहेर गेलं होतं.

इथले लोक हे सांगताना एक सूर लावतात, की बघा, भारतीयांना किंमत कळली नाही, आम्ही वाचवलं. तो सूर मला सहन होत नाही. अरे बाबांनो, त्या खुर्चीवर चाळीस-पन्नास वर्षं माणसं बसली. डबा खाल्ला, फायली लिहिल्या, उन्हाळ्यात घामाने पाठ भिजली तेव्हा त्या वेतातूनच वारा लागला. वेत तुटला की विणला, पुन्हा तुटला की पुन्हा विणला. खुर्चीची याहून जास्त किंमत कोणी काय करणार? तुम्ही ती आणलीत, घासलीत, नवा वेत लावलात आणि दोरी बांधून ठेवलीत. जिच्यावर बसता येत नाही ती खुर्ची राहिली का?

पण हेही खरं, की ढीग आपणच लावला. हे मी कुठल्या तोंडाने नाकारू. बाबा निवृत्त झाल्यावर 2014 साली आई-बाबा सातारा सोडून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आले. साताऱ्याच्या घरात आजोबांची आरामखुर्ची होती, सागवानी, वेताची, लांब हातांची. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ती कुठे ठेवणार? दाराच्या मागे बसत नव्हती, हॉलमध्ये सोफा येणार होता, गॅलरी पावसात भिजते. मी तेव्हा पुण्यातच होते आणि काढून टाका असं मीच म्हणाले. भंगारवाल्याने लाकूड म्हणून नेली. जागा नव्हती हो, खरंच नव्हती. ज्यांनी पुण्या-मुंबईत संसार केलाय त्यांना कळेल. इथे घराघराला तळघर असतं, प्रत्येक भाडेकरूला तळघरात कुलपाची खोली मिळते, आजीची खुर्ची तिथे तीस वर्षं पडून राहू शकते आणि मग नातवाला तिचं कौतुक वाटू शकतं. याला सगळे संस्कृती म्हणतात, पण मला वाटतं निम्मं श्रेय त्या तळघराचं आहे. माझ्याकडे तेव्हा तळघर असतं तर ती आरामखुर्ची आज असती.

असो. हे सगळं डोक्यात घेऊन रविवारी व्हिट्राला गेले. बाझलहून बस पकडली की सीमा कधी ओलांडली कळतही नाही, वाइल आम ऱ्हाइन, जर्मनी. व्हिट्रा ही फर्निचरची कंपनी, त्यांच्या कारखान्याच्या आवारात 1989 सालचं, आर्किटेक्ट फ्रँक गेरीचं डिझाइन म्युझियम आहे, आर्किटेक्ट झाहा हदीदचं अग्निशमन केंद्र आहे, आणि शाउडेपो नावाची बिनखिडक्यांची विटांची इमारत, जिच्यात चारशेच्या वर खुर्च्या-दिवे काळाप्रमाणे रॅकवर मांडलेत. सुरुवातीलाच थोनेट या जुन्या फर्निचर कंपनीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. 1859 सालचं 14 नंबरचं मॉडेल. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या सुट्या करून मावायच्या, म्हणून ती जगभर पसरली. माझी वीस फ्रँकची तिचीच कोणीतरी लांबची बहीण. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. बाकी चारशे भरभर बघून टाकल्या, खोटं कशाला बोलू.

मला जायचं होतं बाहेर, दोशींकडे.

बाळकृष्ण दोशी. बहुतेकांना ते अहमदाबादचे वाटतात, पण जन्म पुण्याचा, 1927चा, आणि घरात दोन पिढ्यांचा धंदा फर्निचरचा! मग जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकले, पॅरिसला कॉर्बुझिएकडे काम केलं, परत येऊन अहमदाबाद आणि चंदीगडची कामं बघितली. 2018 साली प्रिट्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधला सर्वोच्च पुरस्कार, मिळवणारे भारतातले पहिलेच. भारताबाहेर त्यांची एकच वास्तू आहे आणि ती इथे, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. नात खुश्नू आणि तिचा नवरा यांच्याबरोबर त्यांनी ती आखली, पण 2023च्या जानेवारीत ते गेले आणि ती लोकांसाठी उघडली 2025च्या ऑक्टोबरात. त्यांनी ती पूर्ण झालेली बघितली नाही.

हिरवळीतून एक वाट वळणं घेत जमिनीत उतरत जाते. दोन्ही बाजूंना तपकिरी पोलादाच्या भिंती, आधी कमरेएवढ्या, मग डोक्यावरून जातात. आवाज येतो, घंटेचा, बासरीसारखा, तो कानाला येतो की भिंतीतून तळहाताला लागतो हे कळत नाही, मी हात लावून बघितला आणि कोणीही धावत आलं नाही. शेवटी गोल जागा. वर पितळेचं छत, भारतात हाताने ठोकून केलेलं, हातोडीचा एकेक ठोका दिसतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या घंगाळावर दिसतात तस्से. आणि खाली दगडी बाक.

मी बसले. बसू नका असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. शेजारी एक म्हाताऱ्या बाई डोळे मिटून बसल्या होत्या, थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, तुम्ही भारतीय का, मी म्हटलं हो, ज्यांनी हे बांधलं त्यांच्याच गावची. गाव म्हणजे आता कोथरूडच धरायचं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बोललो काहीच नाही. जून 2023पासून छातीत जे आवळून बसलं होतं ते तिथे थोडं सैल झालं, एवढं मात्र सांगते.

आता परत माझ्या खुर्चीकडे. विणकामाचे अडीचशे फ्रँकच्या वर झाले, खुर्चीच्या किमतीच्या बारा-तेरा पट. नवऱ्याने बिल बघितलं, काही बोलला नाही. मला एका पैशाचंही वाईट वाटलं नाही, एवढंच आठवत राहिलं की साताऱ्याच्या काकांना ऑफिस एका खुर्चीमागे काय द्यायचं ते मी कधी विचारलंच नव्हतं. काल बाबांना विचारलं, तर ते म्हणाले व्हाउचरवर त्यांचा अंगठा मीच घ्यायचो, पण आकडा आठवत नाही. बाबांना आकडा आठवत नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

खुर्ची हातात देताना त्या गृहस्थांनी सांगितलं की इथल्या हिवाळ्यात हीटिंगने वेत सुकतो आणि तडकतो, म्हणून महिन्यातून एकदा उलटी करून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवायचं. वरून नाही, वरची बाजू चकचकीत असते, पाणी पीत नाही. मी आज पहिल्यांदा फिरवलं. थोड्या वेळाने नाक जवळ नेलं, तर तोच व्हरांड्यातला वास.

आई-बाबा मे महिन्यात येणार आहेत. बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, बैठक घट्ट विणलीये ना, कारण नवा वेत बसल्यावर थोडा वाजला पाहिजे. मी लगेच बसून दाखवलं. करकरला. त्यांनी मान डोलावली.